डोळ्यांत घालायचा थेंब नाव विचारून घ्या



राब भाजायला सुरुवात झाली की दहिवलीच्या वस्तीत डोळे चोळणारी पोरं दिसू लागतात. त्यात वीटभट्टीची धूळ, चुलीचा धूर, आणि एप्रिलमध्ये आपल्याच जयंतीच्या मिरवणुकीतला निळा गुलाल. (गुलाल आवरा म्हटलं की आमच्याच कार्यकर्त्यांना राग येतो. तरी आम्ही म्हणणारच.) रविवारी विहारात वंदना झाली की आया पोरांना घेऊन आमच्याकडे येतात नि पिशवीतून बाटली काढतात. "ताई, हा थेंब टाकला की लगेच बरं वाटतं. दोन वर्षं हाच चालू आहे." बाटलीवर बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन लिहिलेलं असतं. ते स्टेरॉइड आहे.

आधी खाज का सुटते ते पाहू. धूळ, परागकण डोळ्याला लागले की अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या डोळ्यातल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. ते मज्जातंतूंच्या टोकांना चिकटलं की खाज सुटते. रक्तवाहिन्या फुगून डोळा लाल होतो, पाणी वाहतं. चोळलं की त्या पेशी आणखी हिस्टामिन सोडतात, म्हणून चोळून खाज संपत नाही. अँटिहिस्टामिन थेंब हिस्टामिनची चिकटायची जागाच अडवतो. ओलोपाटाडिन, केटोटिफेन हे थेंब काही मिनिटांत आराम देतात आणि त्या पेशींनाही शांत ठेवतात. म्हणून धुरळ्याच्या दिवसांत डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते रोज घालायचे, खाज सुटली तेव्हाच नव्हे. घालताना थोडं चुरचुरतं, तेवढंच.

आराम स्टेरॉइडनेही पडतो, फसगत तिथेच होते. त्रास फार असेल तर डॉक्टर थोडे दिवस, डोळ्याचा दाब तपासत ते देतात. पण महिनोन्‌महिने घातलं तर दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. तो दुखत नाही, आधी कडेची नजर जाते, पोराला सांगताही येत नाही. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

याचा दोष आईला देणारे आम्ही पुष्कळ पाहिले. एका दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभं राहायचं की कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली आणायची, हा हिशेब तिला रोज करावा लागतो. स्टेरॉइडचा थेंब चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे, ती पाळायची जबाबदारी विकणाऱ्याची आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याची. आमची मागणी साधी आहे: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नि आश्रमशाळेत ओलोपाटाडिन असावं, आणि आशाताईंना ही दोन नावं वेगळी ओळखायला शिकवावं.

दोन्ही डोळ्यांना खाज आणि पाणी असेल तर बहुधा अ‍ॅलर्जी. पू येत असेल, पापण्या चिकटत असतील तर डोळे आले असतील. आणि भाताचं कुसळ किंवा पान लागून डोळा दुखत असेल, उजेड सोसत नसेल, अंधूक दिसत असेल, तर घरातला कुठलाच थेंब घालू नका. त्याच दिवशी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात केसपेपर काढा. अशा जखमेत बुरशी शिरली असेल तर स्टेरॉइडने डोळा हातचा जातो. अंगावरचं दूध, मध, काजळ हेही नको.

थेंब घालताना हात धुवा, खालची पापणी ओढून एकच थेंब सोडा, बाटलीचं टोक डोळ्याला लावू नका. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबा. उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्या. खाज फार असेल तर गार पाण्याची पट्टी ठेवा.

ज्यांच्या घरी स्टेरॉइडचा थेंब बरेच दिवस चालू आहे, त्यांनी मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे नेऊन दाब मोजून घ्या. ओलोपाटाडिनही डॉक्टरांकडून लिहून घ्या, जन औषधी केंद्रातही विचारा. पुढच्या रविवारी बाटली घेऊन विहारात या, नाव मिळून वाचू.