पेन्शनीत बसणारे गाव

पेन्शन जवळ आली की माणसाला गाव आठवू लागते. कचेरीत मधल्या सुट्टीत डबे उघडले, की एक म्हणतो वाई, दुसरा म्हणतो मिरज, तिसऱ्याला कोकणातल्या आजोळची विहीर दिसू लागते. आम्ही उभयतांनी वाई धरली, त्याला आता सहा वर्षे झाली. पाहुणे येतात, ढोल्या गणपतीचे दर्शन घेतात आणि चहा घेता घेता हळूच विचारतात, "काय हो, भागते का?"

भागते. पुण्यात दोन खोल्यांना जे भाडे जाई, त्यात इथे मागल्या दारी परस आणि कढीलिंबाचे झाड मिळाले. बाजार पायी उरकतो. कृष्णेचा घाट, मेणवलीचा वाडा, या करमणुकीने खिशाला चाट बसत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी विश्वकोशाचे काम जिथे बसून केले, त्या गावात वाचायला काही नाही अशी कुरकुर करण्याचीही सोय नाही!

पण वाचकहो, वही इथेच मिटू नका. मी केंद्र सरकारचा पेन्शनर. आमचे सीजीएचएसचे दवाखाने ठराविक शहरांत, वाईत नाही. अशा गावी राहणाऱ्याला महिना १,००० रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो. हा दर २०१७ सालचा. गोळ्यांची किंमत त्याच्यासाठी थांबून राहिलेली नाही. भत्ता घेऊन इस्पितळात दाखल होण्यापुरते कार्ड ठेवता येते, ते आम्ही ठेवले आहे. मात्र रात्री छातीत कळ आली तर पुणे सुमारे नव्वद किलोमीटर, हे कार्डावर लिहिलेले नसते.

खरी मेख पुढेच आहे. आपण सारे हिशेब दोघांचे मांडतो. समजा, शेवटचा मूळ पगार ६०,०००. पेन्शन त्याच्या निम्मी, ३०,०००. त्यातली चाळीस टक्के विकली तर हाती एकरकमी पैसे येतात, पण महिना १२,००० कापले जातात, ते पंधरा वर्षे. आपल्यामागे पत्नीला मिळते ती कुटुंब-पेन्शन मूळ पगाराच्या तीस टक्के, म्हणजे १८,०००. काही वेळा आधीची थोडी वर्षे वाढीव दराने मिळते, पण ती कायमची नव्हे. महागाईची भर दोन्हींवर पडते, हे खरे. तरीही माणूस एक कमी झाले म्हणून घरभाडे निम्मे होत नाही आणि दिवाही अर्धा लावता येत नाही.

ही बेरीज मी वाचून दाखवली तेव्हा आमची ही म्हणाली, "अहो, आकडे राहू द्या. तुमच्यामागे मी इथे राहणार की ठाण्याला मुलाकडे, हे मला कधी विचारलेत?"

विचारले. तिने दोन दिवस घेतले. "इथेच," म्हणाली. "शेजारच्या काकू हाकेच्या अंतरावर आहेत. तिथे दार लावले की संपले." मग बँकेतले खाते दोघांच्या नावे केले. पेन्शनच्या कागदावर तिचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना, तेही पाहून घेतले. पेन्शन विकण्याच्या वेळी सही माझी एकट्याची लागली होती. आता पासबुक तिच्या कपाटात असते.

गेल्या नोव्हेंबरात माझा हयातीचा दाखला तिनेच मोबाईलवर काढला. माझ्या तोंडासमोर यंत्र धरून म्हणाली, "जरा डोळे मिचकवा, म्हणजे सरकारला पटेल."