शाफ्टवरचं ते एक अक्षर
(टी.ई. मेकॅनिकल, हॉस्टेल)

'शाफ्ट' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मशीन डिझाइनचा पेपर येतो, आणि काहींच्या डोळ्यांसमोर थेट केटी येते. मी ज्या शाफ्टबद्दल लिहिणार आहे तो गोल्फच्या काठीचा दांडा. लगेच पान उलटू नका. "गोल्फ? इथे मेसचं बिल भरायची मारामार, आणि तू गोल्फवर लिहितोयस?" असं माझ्या रूम पार्टनरनेही विचारलं. त्याला जे ऐकवलं तेच इथे लिहितोय.

आमच्या गावाजवळ लष्कराची छावणी आहे, तिला लागून गोल्फ कोर्स आहे आणि माझे मामा तिथे कॅडी आहेत. गोल्फ हा साहेबांचा खेळ, हे खरंच. पण त्या मैदानावर साहेबांखेरीज बरीच माणसं असतात. १८२९ साली स्थापन झालेल्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळ सांभाळणाऱ्या माणसाचा मुलगा, एसएसपी चौरसिया, तिथेच खेळ शिकला आणि २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला. कॅडींची, माळ्यांची पोरं खेळायला लागतात ती कोणी तरी दिलेल्या जुन्या क्लबांवर. (क्लब म्हणजे काठी, बरं का. संस्था नव्हे.) जो दांडा हातात आला तो आपला. त्यामुळे दांड्याचा प्रश्न साहेबांपेक्षा या पोरांना जास्त नडतो.

तर प्रश्न असा. गोल्फचा दांडा किती लवतो याला 'फ्लेक्स' म्हणतात आणि तो दांड्यावर एका अक्षरात छापलेला असतो. एल म्हणजे लेडीज, ए म्हणजे सीनियर (मूळचा 'अमॅच्युअर' म्हणे), आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ, एक्स म्हणजे एक्स्ट्रा स्टिफ. ऐकायला एकदम पद्धतशीर. पण आर म्हणजे नेमका किती कडक, हे ठरवणारं कोणतंही सर्वमान्य मानक नाही. प्रत्येक कंपनीचा आर वेगळा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्सचे आरसुद्धा जुळतील याची हमी नाही. टी-शर्टच्या 'मीडियम'सारखंच. फक्त टी-शर्ट निदान घालून बघता येतो.

आता याच खेळाचा चेंडू बघा. त्याचं वस्तुमान ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत हिशेब. दांड्याबद्दलही नियम आहे: तो स्वतःभोवती कसाही फिरवून वाकवला तरी सारखाच वाकला पाहिजे. पण किती वाकावा, याबद्दल नियमांची पुस्तकं गप्प. आपल्याकडे साध्या बोल्टवर ८.८ लिहिलेलं असतं, त्यातल्या पहिल्या आठाचा अर्थ ८०० मेगापास्कल आणि दुसऱ्याचा अर्थ यील्ड त्याच्या ८० टक्के. व्हायव्हात हे विचारतात, म्हणून तरी आपल्याला पाठ असतं. दहा-वीस रुपयांच्या बोल्टला जो न्याय, तो हजारो रुपयांच्या दांड्याला का नाही, हे माझं म्हणणं.

यावर कोणी म्हणेल, एवढ्याशा फरकाने काय होतंय? इथे थोडं एसओएम. मूठ हातात पक्की, टोकाला हेडचं वजन, म्हणजे हा सरळ सरळ कॅन्टिलिव्हर. ड्रायव्हर या सगळ्यात लांब क्लबचं हेड साधारण २०० ग्रॅमचं असतं. मूठ शिकंजात धरून टोक ओढून सोडलं की तो मिनिटाला अंदाजे २५० वेळा हलतो, म्हणजे एक आवर्तन जवळजवळ पाव सेकंदाचं. आणि गंमत अशी की खेळाडू क्लब वरून खाली आणतो त्यालाही पाव सेकंदाच्या आसपासच वेळ लागतो. म्हणजे हेड खाली येईपर्यंत दांडा मागे वाकून पुन्हा पुढे येण्याच्या ऐन धांदलीत असतो. तो त्या क्षणी कुठे असेल यावर हेडचं तोंड किती वर आणि कुठल्या बाजूला वळलेलं असेल ते ठरतं.

एक मोठा गैरसमज मात्र आधी काढून टाकतो. दांडा चाबकासारखा चेंडूला 'फटका' मारतो असं पुष्कळ जण मानतात. चेंडू आणि हेडची भेट जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची, म्हणजे दांड्याच्या एका आवर्तनाच्या पाचशेव्या भागाइतकी. तेवढ्यात दांड्याला काही करायला फुरसतच नसते. हेड जणू सुटं असल्यासारखं चेंडूला धडकतं. म्हणून 'मऊ दांडा घेतला की चेंडू पन्नास यार्ड लांब जातो' वगैरे दुकानी गप्पा सोडून द्या. वेगातला फरक थोडकाच. खरा फरक दिशेत आणि उंचीत पडतो. दांडा गरजेपेक्षा मऊ असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उंच आणि डावीकडे जायचा कल असतो, फार कडक असेल तर खालून आणि उजवीकडे. हा कल आहे, कायदा नव्हे. चांगला खेळाडू हाताने सांभाळून घेतो. नवशिक्याला ते जमत नाही, आणि चूक दांड्याची की आपली, हे त्याला कळतही नाही.

हेच माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत झालं. ती सतरा वर्षांची, शाळेत खो-खो खेळलेली, अंगात चपळाई भरपूर. तिला खेळायला मिळाला तो एल छापलेला सेट. का? मुलगी आहे म्हणून. दुसरं काहीही कारण नाही. चेंडू सारखा आभाळात आणि डावीकडे. शिकवणारे गृहस्थ म्हणायचे, तुझं मनगट लवकर वळतं. सहा महिने बिचारी मनगटावर मेहनत करत होती. शेवटी मामांनी कॅडींच्या खोलीतला एक जुना आर दांड्याचा ड्रायव्हर आणून दिला. मामा अक्षर बघतच नाहीत. दांडा हातात घेऊन झटका देतात, मान हलवतात आणि सांगतात. मला म्हणाले, "भाचेबुवा, ते एल-बिएल दुकानदारासाठी असतं. पोरीचा हात बघ ना जरा, किती झपाट्याने येतो." चेंडू एकदम बंदुकीच्या गोळीसारखा सरळ गेला असं मी सांगणार नाही. खाली मात्र आला आणि दहातले सहा-सात मैदानात राहायला लागले. ती म्हणाली, "दादा, म्हणजे माझं मनगट ठीकच होतं?" या वाक्याचा मला अजून राग येतो. तिचा नाही, त्या अक्षराचा.

आकड्यात बोलू. बाजारात चालणारा ढोबळ हिशेब असा: ड्रायव्हरच्या हेडचा वेग ताशी ७५ मैलांच्या (१२० किलोमीटर) खाली असेल तर एल, ८५ पर्यंत ए, ८५ ते ९५ (म्हणजे १३७ ते १५३ किलोमीटर) आर, १०५ पर्यंत एस, त्यावर एक्स. आता अमेरिकेच्या एलपीजीए, म्हणजे महिला व्यावसायिकांच्या स्पर्धांमधल्या खेळाडूंचा सरासरी वेग ताशी ९५ मैलांच्या आसपास असतो. हौशी पुरुषांचा सरासरी वेगही जवळपास तितकाच, ९३-९४. म्हणजे 'लेडीज' हे नाव ज्यांच्यासाठी म्हणून आहे त्यातल्या उत्तम खेळाडूंनाच ते लागू नाही. उलट बाजूला बघा, साठी ओलांडलेले काका 'सीनियर' लिहिलेला दांडा मरता मरता घेणार नाहीत, एसच पाहिजे. मग कोपर दुखतं म्हणून कुरकुर. दांड्याच्या कडकपणाला वय आणि लिंग चिकटवलं की माणूस मोजमाप सोडून इभ्रत बघायला लागतो. मला वाटतं, या खेळातली सगळ्यात महागडी चूक हीच.

नुसता वेगही पुरत नाही, हेही खरं. सारख्याच वेगाच्या दोघांत एक सावकाश सुरुवात करून शेवटी वेग घेतो, दुसरा वरूनच हिसका देतो. हिसकेवाला दांड्याला जास्त वाकवतो, त्याला थोडा कडक लागतो. दांड्याचं वजन हा आणखी एक विषय: आयर्न क्लबचा पोलादी दांडा शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, ड्रायव्हरचा ग्रॅफाइटचा पन्नास-साठचा. पुष्कळदा खेळाडूला 'कडक' वाटतो तो खरं म्हणजे जड असतो. त्यात शिरत नाही, पानं मोजून मिळाली आहेत.

आमच्या एका सरांनी यावर रास्त शंका काढली. म्हणाले, नुसता आकडा छापून काय उपयोग, हेडचं वजन आणि लांबी बदलली की तो बदलणारच. बरोबर आहे. टोकाच्या वजनाचा कॅन्टिलिव्हर असल्याने वारंवारिता लांबीच्या दीड घाताच्या व्यस्त प्रमाणात. चाळीस इंच मोकळ्या दांड्यातला एक इंच मुठीकडून कापला तर मिनिटाला नऊ-दहा आवर्तनं वाढतात, म्हणजे बाजाराच्या हिशेबाने जवळजवळ एक अख्खं अक्षर वर. (टोकाकडून कापला तर आणखी कडक होतो, कारण बारीक भागच कमी होतो.) पण सर, ठरावीक लांबी आणि ठरावीक वजन लावून चाचणी घ्या, असं ठरवणं काय अवघड आहे? आपण टेन्साइल टेस्टला गेज लेंग्थ ठरवतोच ना! अडचण तांत्रिक नाहीच. अक्षर विकायला सोपं पडतं, एवढंच.

कंपन्या ठरवतील तेव्हा ठरवतील. तोवर आपल्याकडे बेंच व्हाइस आहे आणि मोबाइल आहे. मामांकडून दोन जुने ड्रायव्हर आणले होते. लांबी सारखी, दोन्हींवर आर, कंपन्या वेगळ्या. मुठीचा पाच इंच भाग रबराच्या तुकड्यांत धरून व्हाइसमध्ये आवळला (रबर विसरलात तर ग्रॅफाइट चिरडतो), टोक तीन-चार इंच ओढून सोडलं आणि स्लो मोशनमध्ये दहा आवर्तनं मोजली. एकाला २.३ सेकंद लागले, दुसऱ्याला २.५. म्हणजे मिनिटाला सुमारे २६० आणि २४०. कडकपणा वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात, तेव्हा हेडची वजनं सारखी धरली तर कडकपणात सतरा-अठरा टक्क्यांचा फरक. अक्षर तेच.

मोजलेला आकडा खडूने दांड्यावर लिहिला होता, तो मामांनी पुसून रंगाने पक्का लिहून घेतला. आता कॅडींच्या खोलीतल्या बाकीच्या सव्वीस क्लबांवरही लिहायचा आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते पोतं भरून इथे आणतोय. वर्कशॉपच्या सरांनी बुधवारी दुपारी, प्रॅक्टिकल संपल्यावर, व्हाइस वापरायला परवानगी दिली आहे. एकट्याने ओढायचं आणि मोबाइलही धरायचा हे जमत नाही, तेव्हा दोन माणसं लागतील. चहा माझ्याकडून.