हायड्रोजन मोटारीचा जमाखर्च
ब्रिटनमध्ये १८३९ च्या सुमारास विल्यम ग्रोव्ह यांनी हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळवून दाखविली. तेच तत्त्व आजच्या 'फ्युएल सेल'मध्ये आहे. त्यात पेट्रोलसारखे ज्वलन नाही; निर्माण झालेली वीज मोटार चालविते आणि मागे पाणी उरते. टोयोटाने डिसेंबर २०१४ मध्ये जपानमध्ये अशी 'मिराई' मोटार विक्रीस आणली. मिराई म्हणजे भविष्यकाळ. तिची टाकी सुमारे पाच मिनिटांत भरते.

परंतु जाणता व्यापारी केवळ विक्री पाहून नफा मांडीत नाही. माल कोठून व काय भावाने आला, हेही पाहतो. जगातील बहुतांश हायड्रोजन अद्याप नैसर्गिक वायू व कोळशापासून बनतो. म्हणजे गाडीमागचा धूर नाहीसा झाला, तरी कर्बवायू कारखान्यात सुटतोच. सौर वा पवनविजेने पाण्याचे विघटन करून मिळविलेला हायड्रोजन स्वच्छ खरा. मात्र त्या विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. बॅटरीच्या गाडीत तो सुमारे दुप्पट असतो. म्हणून घरगुती मोटारीस बॅटरी किफायतशीर; हायड्रोजनची आशा लांब पल्ल्याच्या मालट्रकांत अधिक.

अशी गाडी घेणाऱ्याने किंमत विचारावी, तसा हायड्रोजन कोठला, हेही विचारावे.