नॅशरची खोडी आणि वॉल्टरचे पुस्तक

फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत आम्हाला 'बीनो'चा एक पिवळा पडलेला अंक मिळाला. घरी आणला आणि पोरांनी तो पळवला. इंग्रजी येवो न येवो, कुत्रा काय करतो आहे हे चित्रावरून कळतेच की!

हा अंक स्कॉटलंडातल्या डंडी गावचा. बंगालचा ताग बोटीने तिकडे जायचा आणि तिथे त्याचे गोणपाट व्हायचे. त्या गिरण्यांत बायका राबत, कोवळी पोरेही राबत. गिरणगावात दिवस काढलेल्या वाचकांना यापुढे काय सांगावे! त्याच गावातल्या डी. सी. थॉमसन कंपनीने जुलै १९३८ मध्ये 'बीनो' काढला. किंमत दोन पेन्स.

१९५१ साली त्यात डेनिस हा व्रात्य पोरगा आला आणि १९६८ साली त्याला नॅशर भेटला. डेनिसच्या डोक्यावरचे काळे, ताठ केस उचलावेत, त्यांना पाय, डोळे आणि दात लावावेत, की झाला नॅशर! सॉसेज पळवायचे, पोस्टमनच्या पाठी लागायचे, हाच त्याचा उद्योग. १९८६ साली तो काही आठवडे अंकातून गायबच झाला. मुले कासावीस झाली. मग स्वारी परतली ती सहा पिल्लांचा बाप होऊन! त्यातला निपर बापाच्या वळणावर गेला.

हसून हसून पोट दुखते, हे खरे. पण एका गोष्टीपाशी आम्ही अडलो. या जोडीचा मार खाणारा कोण? तर वॉल्टर. नीटनेटका, चष्मा लावणारा, पुस्तकात रमणारा मुलगा. त्याला बुळा म्हणायचे, त्याच्यावर कुत्रा सोडायचा आणि वाचकाने हसायचे. पुढे मालकांनी हे बरेच सौम्य केले. जुन्या गोष्टींच्या शेवटी डेनिसला बापाच्या सपातेचा मार बसायचा, तोही बंद झाला. पण जुने अंक जसेच्या तसे आहेत. ज्यांच्या घरी दिव्याखाली बसून शिकणारे पोर हीच सगळी कमाई, त्यांना हा विनोद जरा टोचणारच. म्हणून अंक काही आम्ही काढून घेतला नाही. पोरांबरोबर आम्हीही हसलो.

रात्री धाकट्या नातीने विचारले, "आजोबा, तो चष्मेवाला कुठलं पुस्तक वाचत होता?"

आम्ही चष्मा पुसून चित्र पुन्हा पाहिले. पुस्तकावर नावच काढलेले नाही.