फुलीची सही आणि वकीलबाई

रहस्यकथा म्हणजे वेळेचा नाश, असे आमच्या बऱ्याच शिक्षक-बंधुभगिनींचे मत आहे. आम्हीही बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’कडे केवळ करमणूक म्हणूनच पाहत आलो. पण सुट्टीत सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) ही इंग्रजी कादंबरी वाचली आणि मत बदलावे लागले.

कथा १९२१ च्या मुंबईची. परवीन मिस्त्री ही पारशी तरुणी वडिलांच्या कचेरीत वकिलीचे काम करते. कागद तयार करते, अशिलांना सल्ला देते. कोर्टात उभी मात्र राहू शकत नाही. एक मुसलमान गिरणीमालक वारतो. त्याच्या तिन्ही विधवा आपले मेहर वक्फाला देऊ इच्छितात, असे पत्र घरच्या कारभाऱ्याकडून येते. परवीनची नजर सह्यांवर जाते. एकीने सहीऐवजी नुसती फुली मारलेली! जिला वाचता येत नाही, तिने हा कागद समजून कसा मान्य केला? पुढे खूनही होतो, पण आमच्या मते खरे रहस्य त्या फुलीतच आहे.

या बायका पडद्यात राहणाऱ्या. परपुरुषाशी बोलणार नाहीत, मग तो पोलीस असो की वकील. तेथे परवीनच जाऊ शकते. जुन्या काळावरच्या कादंबऱ्यांत नायिकेला आजची मोकळीक देण्याची खोड पुष्कळदा दिसते. लुगडे जुने, बोलणे आजचे. येथे तसे नाही. ज्या रूढीने बाईला कोर्टाबाहेर ठेवले, तिच्यामुळेच या घराचे दार तिला उघडते. (परवीनच्या फसलेल्या लग्नाची हकिकत जरा लांबली आहे, पण तीही वाचवते.)

ही सारी कल्पना नव्हे. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि ऑक्सफर्डला १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी त्या वेळी मिळाली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे सुरू केले ते १९२० मध्ये. १९०४ पासून त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेचे काम पाहिले. हिंदुस्थानात स्त्रियांना वकिली करण्याची कायदेशीर मोकळीक १९२३ च्या कायद्याने झाली.

हे वाचताना आमची आजी डोळ्यांपुढे आली. आजोबांच्या मागे जमिनीची वाटणी झाली, तेव्हा घरातल्या पुरुषांनी कागद पुढे ठेवला आणि तिने अंगठा उठवला. ऊसाचा एक तुकडा तिच्या नावावर होता, तो त्या दिवशी गेला. पुष्कळ वर्षांनी आम्ही विचारले, “आजी, कागदात काय लिहिलं होतं?” ती म्हणाली, “मला कुणी वाचून दाखवला, बाळा?” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच आम्हाला जास्त लागले. आपल्या बेटावरच्या किती घरांत असा कागद पेटीत पडून असेल!

म्हणून मोठ्या वर्गासाठी या पुस्तकाच्या दोन प्रती मागवाव्यात, असे आम्ही शाळेत सुचवले आहे. हे परीक्षेला आहे का, असा प्रश्न लगेच आला. नाही, परीक्षेला नाही. तरी मागवाव्यात, आणि मुलींच्या आधी मुलांना द्याव्यात.