कोड्याबरोबर उत्तर कशाला?

आपल्या भाषेंत कोडें ‘सोडविलें’ जातें. गांठ सोडवावी, गुंता सोडवावा, तसेंच कोडेंही सोडवावें, असा त्या शब्दाचा भाव आहे. परंतु सहा लांकडी कांड्यांच्या प्रसिद्ध कोड्याचा न्याय याच्या नेमका उलट आहे. त्याच्या नेहमींच्या प्रकारांत तें सोडविणें हा पोरखेळ. तें पुन्हां बांधणें हेंच खरें कोडें. असें असतां, या कोड्याच्या डबींत उत्तराची छापील चिठ्ठी घालण्याचा, आणि चिठ्ठी नसल्यास भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तेंच उत्तर मुलाला काढून देण्याचा जो प्रघात सुशिक्षित घरांतून पडला आहे, तो आम्हांस सर्वस्वी अनिष्ट वाटतो.

प्रथम हें कोडें काय आहे तें पाहूं. सहा चौकोनी कांड्या. बहुतेकींच्या मध्यभागीं निरनिराळ्या खांचा. दोन-दोन कांड्यांच्या तीन जोड्या परस्परांस काटकोनांत छेदतात आणि मध्यें अशा रुततात कीं, सहा दिशांना टोकें निघालेली एक घट्ट आकृति तयार होते. खिळा नाहीं, सरस नाहीं. पुष्कळदां एका कांडीला खांचच नसते. ती या कुलपाची किल्ली. ती ओढली कीं उरलेल्या पांच सैल होऊन हातांतच विसकटतात. चीनमध्यें या कोड्यास लू बान याचें कुलूप म्हणतात. लू बान हा तेथील सुतारांचा परंपरेनें मानलेला आदिगुरु. इंग्लंडांत १८९३ सालीं ‘प्रोफेसर हॉफमन’ या टोपणनांवानें प्रसिद्ध झालेल्या कोड्यांच्या ग्रंथांतही तें आहे. आणि त्या ग्रंथकारानें उत्तरें कोड्यांना चिकटवून न छापतां निराळीं ठेविलीं होतीं. वाचकाला उत्तर हवेंच असेल तर त्यानें पानें उलटावींत, एवढा तरी आडपडदा त्या काळीं होता.

चिठ्ठीचे कैवारी दोन मुद्दे मांडतात. पहिला असा कीं, उत्तर न मिळाल्यास मूल हिरमुसतें आणि खेळणें टाकून देतें. यांत तथ्य नाहीं असें नाहीं. सतरंजीवर पसरलेले ते सहा तुकडे पाहून प्रौढ माणसालाही चीड येते. पण हिरमुसणें म्हणजे हरणें नव्हे. आज कंटाळून उठलेलें मूल चार दिवसांनीं त्याच कांड्यांपाशीं परत येऊं शकतें, कारण प्रश्न अजून जिवंत असतो. चिठ्ठी दाखविली कीं प्रश्न मेला. मग त्यानें परत यावें तरी कशासाठीं?

दुसरा मुद्दा असा कीं, उत्तर पाहून बांधलें तरी तें मुलानें स्वतःच्या हातानेंच बांधलें ना? या मुद्द्याला गणितानेंच उत्तर दिलें आहे. बिल कटलर या अमेरिकन गणितज्ञानें १९८७ ते १९९० या काळांत, खांचांचे सर्व प्रकार धरून, सहा कांड्यांच्या संभाव्य रचना संगणकाकडून तपासून घेतल्या. कागदावर जुळणाऱ्या रचना भरल्या सुमारें ३,५६५ कोटी. परंतु तुकडे सरकवून प्रत्यक्ष बांधतां येतील अशा रचना त्यांत एक-पंचमांशही नव्हत्या. बाकीच्या रचनांत प्रत्येक तुकड्याला जागा आहे, पण त्या जागीं जाण्याची वाट नाहीं. चिठ्ठींत वाट आंखलेली असते हें खरें. परंतु दुसऱ्यानें आंखलेल्या वाटेनें डोळे झांकून जाणाऱ्यास, ही कांडी आधीं कां आणि ती मागून कां, असा प्रश्नच पडत नाहीं. बिनखांचेची कांडी शेवटीं जाते, कारण ती आधीं बसली तर इतरांना आंत शिरण्यास फट उरत नाहीं. हें ज्याला स्वतः उमगलें त्याला कोडें आलें; इतरांनीं केवळ हुकूम पाळला.

याचा अर्थ वडील मंडळींनीं हात बांधून बसावें, असा नव्हे. साहाय्य निराळें आणि उत्तर निराळें. कांड्यांवर पेन्सिलीनें आंकडे घालण्यास सांगा; प्रत्येकीच्या खांचांचें चित्र वहींत काढूं द्या; उलगडतांनाच क्रम टिपून ठेवण्याची संवय लावा. कांहीं अवघड प्रकारांत पहिली कांडी सुटण्यापूर्वीं बारा वेळां सरकवासरकव करावी लागते, आणि सहा कांड्यांच्या कोड्यांत बारा हीच कमाल आहे. तेथें टिपणाशिवाय परतीची वाट सांपडणें कठीण. या कामांत बापानें मुलाशेजारीं तासभर बसावें. मात्र हात मुलाचे चालावेत.

खरी अडचण मुलांची नसून आपली आहे. सुटे तुकडे घरांत लोळतांना आपल्याला पाहवत नाहींत. पाहुण्यांना दाखविण्यासाठीं कपाटांत पुरी आकृति हवी असते. म्हणून मुलाच्या हातून आपण कोडें काढून घेतों आणि त्याला मदत असें नांव देतों. अपेक्षित प्रश्नांचे संच आणि तयार उत्तरें यांवर वर्षभर पोसलेल्या मुलाला, ज्याचें उत्तर ठाऊक नाहीं अशा प्रश्नासमोर स्वस्थ बसण्याची जागा आतां उरली आहे कोठें? निदान या सहा कांड्या तरी त्याला राहूं द्या. डबी घरीं आणल्याबरोबर आंतली चिठ्ठी काढून घ्यावी, आणि तुकडे महिनाभर खिडकींत पडून राहिले तरी खुशाल राहूं द्यावेत.