बैलाचे दात बघतो, फोनची तारीख कोण बघणार?

पोस्ट जरा लांब आहे, पण विषय प्रत्येकाच्या खिशातला आहे. दमानं वाचा.

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घेणारा माणूस आधी जनावराचं तोंड उघडतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, हे कळल्याशिवाय रुमालाखाली हात जात नाही. चार पावलं चालवून बघतो, खूर बघतो, गाडीला जुंपल्यावर मारका तर नाही ना याची चौकशी करतो. तोच माणूस आळेफाट्याला जाऊन दहा-बारा हजारांचा फोन घेतो तेव्हा विचारतो काय? कॅमेरा कितीचा आणि कव्हर फुकट देणार का. फोनमधलं सॉफ्टवेअर कोणत्या सालचं आहे, कंपनी अजून किती वर्षं त्याला अपडेट देणार, हे कुणी विचारत नाही. दुकानदाराला विचारलं तर त्यालाही ठाऊक नसतं.

फोन नुसता बोलायला होता तोवर चालून गेलं. आता तसं राहिलं नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पीक लावायचं काम तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) हातातून आपल्या फोनवर आलं. शेतात उभं राहून फोटो काढायचा, ॲपवरून पाठवायचा. कांदा असो, सोयाबीन असो, नोंद झाली नाही तर नुकसान भरपाईपासून पीकविम्यापर्यंत सगळीकडे अडचण. पीएम किसानची केवायसी चेहरा दाखवून फोनवर करता येते. बँक फोनवर, गॅसचं बुकिंग फोनवर. म्हणजे फोन हे आता शेतीचं अवजारच झालं. औताचा फाळ झिजला तर आपण लोहाराकडे जातो, आणि फोन मात्र घेतला त्या दिवशी होता तसाच वर्षानुवर्षं वापरतो.

मग ऐन हंगामात ॲप उघडत नाही. नाहीतर प्ले स्टोअरवर लिहून येतं की हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही. माणूस म्हणतो, सरकारचा सर्व्हर डाऊन आहे. असतोही पुष्कळदा, त्यात काही खोटं नाही. पण माझ्याकडे जे फोन लोक दाखवायला आणतात त्यातल्या बऱ्याच फोनांचं दुखणं वेगळंच असतं. दोन-तीन वर्षांत एकही अपडेट बसलेला नसतो.

का बसलेला नसतो, हे शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. ते म्हणतात, अपडेट आपोआप येतो की! येतो, पण बहुतेक फोन मोठा अपडेट वायफायवर उतरवायची वाट बघत बसतात. आपल्या मळ्यात वायफाय कुठलं आलंय? रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक, त्यातला निम्मा पोरांच्या रीलमध्ये जातो, आणि नवीन सिस्टीमची फाईलच कधी एक, कधी दोन-तीन जीबीची. वर आणे पठाराकडे गेलात तर रेंजच एक काडी. त्यात स्टोरेज भरलेलं असतं, कारण भावकीच्या ग्रुपवरचा एकेक गुड मॉर्निंगचा फोटो जपून ठेवलेला. फोन वाट बघत राहतो, खूण दाखवत राहतो, आपण ती खूण बोटानं बाजूला सारत राहतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या भागात अपडेट हातानंच करायला शिकलं पाहिजे. हौस म्हणून नाही, आपोआप तो येणारच नाही म्हणून.

रीत अवघड नाही. सेटिंग्जमध्ये जा. कुठे सॉफ्टवेअर अपडेट लिहिलेलं असतं, कुठे सिस्टीम अपडेट, काही फोनांत ते अबाउट फोनच्या आत दडलेलं असतं. तिथे चेक फॉर अपडेट दाबा. आला असेल तर डाऊनलोड करा. त्याआधी चार्जिंग निम्म्याच्या वर पाहिजे आणि चार-पाच जीबी जागा मोकळी पाहिजे. लग्नाचे, लेकराचे फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा. पुण्या-मुंबईचा पोरगा सुट्टीला आला की त्याच्या हॉटस्पॉटवर हे काम होऊन जातं. फोन रीस्टार्ट होताना मात्र धीर धरायचा. स्क्रीनवर नुसतं कंपनीचं नाव दिसतं, दहा-पंधरा मिनिटं काही हलत नाही, आणि माणूस घाबरून बटण दाबून धरतो. अलीकडच्या फोनांत नवी सिस्टीम वेगळ्या कप्प्यात बसते आणि काही बिघडलं तर फोन जुन्या कप्प्यावर परत येतो. ही सोय अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून निघाली, पण स्वस्तातल्या जुन्या फोनांत ती असेलच असं नाही. तसला फोन मधेच बंद केला तर नावावरच अडकून बसतो, मग दुकानवाल्याचे तीनशे-पाचशे ठरलेले.

आता खरी गोम सांगतो. चेक फॉर अपडेट दाबल्यावर 'तुमचा फोन अद्ययावत आहे' असं आलं की लोक निर्धास्त होतात. त्याचा अर्थ एवढाच की कंपनीकडे तुमच्या मॉडेलसाठी सध्या द्यायला काही नाही. कंपनीनं तीन वर्षांपूर्वी हात वर केले असतील तरी फोन हेच वाक्य दाखवणार! म्हणून त्या वाक्यावर जाऊ नका, तारीख बघा. अबाउट फोनमध्ये, अँड्रॉइड व्हर्जनच्या आत, सिक्युरिटी पॅच अशी ओळ असते आणि तिथे महिना-साल असतं. हे फोनचे दात. कितीही पॉलिश मारा, दात खोटं बोलत नाहीत.

ही पॅचची तारीख आली कुठून, तेही ऐका. २०१५ च्या जुलैमध्ये अँड्रॉइडमध्ये स्टेजफ्राईट नावाचं भगदाड सापडलं. एक व्हिडिओ मेसेज पाठवून दुसऱ्याच्या फोनात शिरता येईल, तेही त्यानं काही न उघडता, असा तो प्रकार होता. त्यानंतर त्याच ऑगस्टपासून गुगलनं दर महिन्याला सुरक्षा दुरुस्ती द्यायला सुरुवात केली. पण गुगलनं दिली म्हणजे तुमच्या फोनात आली असं नाही. मधे फोन बनवणारी कंपनी असते. तिनं ती आपल्या मॉडेलला जुळवून पाठवायची. महागड्या फोनांना सात-सात वर्षं अपडेट देऊ असं गुगल आणि सॅमसंगनं २०२३-२४ पासून जाहीर केलं, ते चांगलंच आहे. दहा हजारांच्या फोनाला मात्र अजूनही दोन-चार वर्षांत रामराम. आपल्या गावात कोणते फोन खपतात ते मी सांगायला नको.

आणि चोरांनी नेमकी हीच नस पकडलीय. व्हॉट्सॲपवर फाईल येते. कधी पीएम किसानच्या नावानं, कधी आरटीओच्या दंडाची, कधी चक्क लग्नपत्रिका. शेवटी एपीके अशी तीन अक्षरं. दाबली की फोन विचारतो, अनोळखी ॲप बसवू का? आपण हो म्हणतो, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की ॲप अपडेट केल्याशिवाय हप्ता येणार नाही. मग ते ॲप मेसेज वाचतं, ओटीपी पलीकडे जातो, खातं रिकामं. अपडेट करा म्हणून सगळे ओरडतात, पण खरा अपडेट कुठून येतो हे कुणी शिकवलं नाही, तर लोक दारात येईल त्याला अपडेट समजणारच. फोनची सिस्टीम फक्त सेटिंग्जमधून, ॲप फक्त प्ले स्टोअरमधून. व्हॉट्सॲपवरून कधीच नाही, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी नाही, कारण भावाचाच फोन आधी गेलेला असू शकतो. पैसे गेले तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा.

कॉलेजच्या पोरांसाठी थोडं वेगळं. इंटरनेटवरून झिप फाईल उतरवून हातानं नवीन अँड्रॉइड टाकता येतं, कंपनीनं सोडून दिलेल्या फोनवर लिनिएजओएससारखी सिस्टीम बसवता येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. जरूर शिका, घरात पडलेल्या जुन्या फोनवर. पण बापाच्या फोनवर प्रयोग नको. बूटलोडर उघडला की आतलं सगळं पुसलं जातं, आणि नंतर बँकेची बरीच ॲप्स चालायला नकार देतात. मॉडेल नंबरात एका अक्षराचा फरक पडला तर फोनची वीट होते. हौस तुमची आणि ई-पीक पाहणी बापाची राहून जायची.

जुन्याला नवं लावता येत नाही असं मात्र कुणी सांगू नये. आपल्या खोडदची दुर्बीण घ्या. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या त्याच, गेल्या शतकात उभ्या केलेल्या. आतले रिसीव्हर आणि सिग्नल हाताळणारी यंत्रणा बदलली आणि तिची ताकद कितीतरी वाढली. तबकड्या मोडीत काढा असं कुणी म्हटलं नाही. आपला तीन वर्षांचा फोन मात्र मोडीत काढायचा, कारण कंपनीला पुढचं मॉडेल खपवायचंय.

काही देशांनी यावर नियम केलेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कंपनीला सुरक्षा अपडेट किमान किती काळ देणार हे जाहीर करावंच लागतं. युरोपियन युनियननं जून २०२५ पासून फोनांच्या दुरुस्तीसाठी आणि अपडेटसाठी नियम लागू केले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे याचे गुण ठरवणाऱ्या समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये आला, त्यात सॉफ्टवेअर अपडेटचाही विचार आहे. आता ते खोक्यावर छापून येऊ द्या. औषधाच्या बाटलीवर एक्स्पायरी नसेल तर आपण दुकानदाराला सोडत नाही, मग फोनच्या खोक्यावर अपडेटची शेवटची तारीख का नको?

आणि सरकारलाही एक विचारायचंय. ॲप सक्तीचं तुम्ही केलं. मग ते जुन्या फोनवर चालेल असं बनवायची जबाबदारी कुणाची? ज्याचा फोन चालतच नाही त्याच्या पिकाची नोंद नंतर सहाय्यक करणार असेल, तर त्या सहाय्यकाचं नाव आणि वेळ हंगामाच्या सुरुवातीलाच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं पाहिजे. शेवटच्या आठवड्यात धावाधाव नको.

ग्रामपंचायतीला माझी मागणी छोटी आहे. खरीप आणि रब्बीच्या आधी दोन-दोन सोमवार, बाजाराच्या दिवशी, एक टेबल, चार्जिंगचे दहा पॉईंट आणि एक चांगलं वायफाय. शिकलेली चार पोरं बसवा. वाड्या-वस्त्यांवरचा माणूस बाजाराला येतोच. पिशवी भरेपर्यंत फोन अपडेट होऊन जाईल. खर्च एखाद्या स्वागताच्या फ्लेक्सपेक्षा जास्त नाही. फोन मात्र मालकासमोरच हाताळायचा आणि पिन कुणालाही सांगायचा नाही, हे टेबलावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

तोवर आज रात्री एवढं करा. आपला, आईचा, आजीचा फोन उघडा आणि पॅचची तारीख बघा. खाली फोनचं मॉडेल आणि पॅचचा महिना-साल लिहा, म्हणजे गावात काय परिस्थिती आहे ते कळेल आणि ग्रामसभेत यादीच ठेवता येईल. तेवढंच लिहा. मोबाईल नंबर लिहू नका, ही पोस्ट कोण कोण वाचतंय काय सांगावं.